लपाछपी

कुवेंपुनगरातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून नातू ‘हाइड अँड सीक’ घेऊन येतो, की मला विलेपार्ले आठवतं. माझं बालपण तिथलं. स्टेशनात उतरलं की भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा वास घरापर्यंत सोबत करायचा. पार्लेचा हा कारखाना चौहान कुटुंबाने १९२९ साली गोळ्या-पेपरमिंटांसाठी काढला. बिस्किटं १९३९ पासूनची. चहात बुडवायचं ग्लुको रोजचं. चॉकलेटचे कण पोटात लपवलेलं ‘हाइड अँड सीक’ नव्वदच्या दशकात आलं, तेव्हा आई ते पाहुण्यांसाठी डब्यात जपून ठेवी.

या प्रकाराचं मूळ अमेरिकेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी रूथ वेकफिल्ड ‘टोल हाउस’ नावाची खाणावळ चालवत. १९३० च्या दशकात त्यांनी चॉकलेटच्या वडीचे तुकडे बिस्किटाच्या पिठात घातले. भट्टीत ते मऊ झाले, पण पिठात मिसळून गेले नाहीत. १९६३ मध्ये नाबिस्कोने ‘चिप्स अहॉय’ काढून ती चव पाकिटात घातली.

पार्ल्याचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. नातवाची शाळा कन्नड-इंग्रजीतली, मराठी घरापुरती. तो बिस्किट मोडून चॉकलेट शोधतो, तेवढ्या वेळात मी त्याला त्या वासाची गोष्ट मराठीत सांगून घेते.