चालू साठवण-यंत्रणेतील प्रोटोकॉल-बदल : स्कझीपासून एनव्हीएमईपर्यंत

संगणकीय साठवणुकीचा इतिहास लिहिताना डिस्कची क्षमता किती वाढली याचीच नोंद बहुधा घेतली जाते. सर्व्हर आणि डिस्क यांच्यातील संभाषणाचे नियम, म्हणजेच प्रोटोकॉल, कसे बदलत गेले आणि त्या बदलात बँकेची खाती किंवा रुग्णालयाच्या नोंदी कशा सुरक्षित राहिल्या, हा भाग मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात याच स्थित्यंतराचा विचार केला आहे.

शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीच्या 'सासी' या जोडणीतून पुढे 'स्कझी' हे मानक विकसित झाले व इ. स. १९८६ मध्ये त्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. एका आखूड केबलवर सर्व्हरच्या नियंत्रकासह जेमतेम आठ साधने जोडता येत. जोडणी बदलायची तर यंत्र बंद करावे लागे. त्यात गैरसोय होती, पण संदिग्धता नव्हती.

स्कझीच्या तिसऱ्या पिढीत आज्ञा आणि त्या वाहून नेणारे माध्यम यांची फारकत करण्यात आली. हा निर्णय दूरगामी ठरला. इ. स. १९९४ मध्ये मान्य झालेल्या फायबर चॅनलवरून आणि इ. स. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या आयस्कझीद्वारे साध्या इथरनेटवरूनही त्याच आज्ञा धावू लागल्या. दरम्यान अनेक डिस्क एकत्र बांधून अनेक सर्व्हरांना पुरवणारे स्टोरेज ॲरे रूढ झाले होते. महागड्या फायबर चॅनलकडून आयस्कझीकडे वळताना आतील मजकूर हलविण्याची तत्त्वतः गरज उरली नाही. बदलायची ती केवळ वाट.

परंतु खरा धोका या वाटेतच होता. ॲरेवरील प्रत्येक व्हॉल्यूमला स्वतःची अशी एकमेव ओळख असते. अनेक मार्गांनी दिसणारी वस्तू एकच आहे, हे सर्व्हरमधील मल्टिपाथ सॉफ्टवेअर त्या ओळखीवरूनच ठरविते. ती जुळली नाही तर एकच व्हॉल्यूम दोन निराळ्या डिस्क म्हणून दिसतो, दोन्हींवर लेखन होते आणि फाइल-रचना उद्ध्वस्त होते. म्हणूनच व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीने एकाच यजमानास एकच व्हॉल्यूम दोन प्रोटोकॉलांनी दाखविण्यास पाठिंबा दिला नाही. सावध पद्धत अशी रूढ झाली : आधी बॅकअप घेऊन तो उघडून पाहावयाचा, अनुप्रयोग थांबवावयाचा, जुनी मॅपिंग काढावयाची, मगच नवी द्यावयाची आणि लेखन सुरू करण्यापूर्वी ओळखक्रमांक ताडून पाहावयाचा. जुन्या केबल व स्विचवरील झोन मात्र लगेच मोडावयाचे नाहीत, कारण परतीचा रस्ता तोच. हे शहाणपण जितके साधे, तितकेच ते घाईत विसरले जाणारे आहे.

इ. स. २००७ च्या अखेरीस व्हीएमवेअरने आभासी यंत्र चालू असतानाच त्याची डिस्क दुसऱ्या व्हॉल्यूमवर नेण्याची सोय दिली. त्यामुळे वाट बदलण्याऐवजी नव्या वाटेवर नवा व्हॉल्यूम उभारून मजकूर तेथे हलविणे, हा अधिक निर्धोक पर्याय उपलब्ध झाला. दुप्पट जागा लागते, हीच त्याची किंमत.

पुढे हा पर्याय जवळजवळ अपरिहार्य झाला. इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमईने स्कझीच्या आज्ञाच सोडून दिल्या. फ्लॅश स्मृतीच्या वेगासाठी हजारो समांतर रांगा देणारी ही रचना इ. स. २०१६ मध्ये जाळ्यावर आणि इ. स. २०१८ मध्ये टीसीपीवर आली. येथे वाहनाबरोबर भाषाही बदलली. व्हॉल्यूमची जागा 'नेमस्पेस'ने घेतली, ओळखक्रमांकाची पद्धत निराळी झाली आणि मार्गनिवडीचे नियमही वेगळे आले. वरकरणी सारखाच दिसणारा बदल त्यामुळे एका माध्यमाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा राहिला नाही. जुन्या व्हॉल्यूमला एनव्हीएमईने थेट जोडले आणि सर्व्हरने त्याला परकी डिस्क मानले, तर दोष सर्व्हरचा म्हणता येत नाही. फायबर चॅनलच्या जाळ्यांनी येथे मोठी सोय करून दिली. एकाच स्विचवरून व एकाच ॲडॉप्टरमधून स्कझी आणि एनव्हीएमई दोन्ही एकाच वेळी वाहू शकतात. त्यामुळे नवा नेमस्पेस जुन्या व्हॉल्यूमशेजारी उभा राहतो, एकेक आभासी यंत्र तिकडे जाते आणि शेवटचे यंत्र नव्या जागी स्थिरावेपर्यंत जुना व्हॉल्यूम तसाच ठेवता येतो.