‘बिनविरोध’ हा शब्द वाचताना

‘निवडणूक आणि पैसा’ असा विषय डोक्यात असेल, तर पहिली अडचण पुराव्याची येते. आदल्या रात्री वाटलेल्या पाकिटाची पावती कुणी ठेवत नाही. पण खान्देशातलं एक प्रकरण असं आहे, जिथे रक्कम चारचौघांत बोलली गेली.

जानेवारी २०२१. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागलेल्या. नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी (हा जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्यातच होता) आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, या दोन गावांत सरपंच-सदस्यपदांचा लिलाव झाल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या. बोली खोंडामळीत ४२ लाख, उमराण्यात २ कोटी ५ लाख. पैसा देवळासाठी. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी १३ जानेवारीला, म्हणजे मतदानाला दोन दिवस असताना, दोन्हीकडची निवडणूक रद्द केली.

आता तुम्ही म्हणाल, यात मत कुठे विकलं? पैसे तर देवाला गेले! इथे जुना कायदा काढून बघा. १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणुकीतल्या लाचेचं कलम आलं. त्यात मत देण्या-न देण्याचा हक्क तर आहेच, पण उमेदवार म्हणून उभं राहणं, न राहणं आणि माघार घेणं हेही ‘निवडणूकविषयक हक्क’ धरलेत. म्हणजे माघारही विकत घेता येते, हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

व्यवहार म्हणून पाहिलं तर लिलाव पाकिटापेक्षा पक्का. ब्रिटनमध्ये १८७२ साली गुप्त मतदान आलं, तेव्हापासून मत विकत घेणाऱ्याची पंचाईत आहे: पैसे घेतलेला माणूस आत जाऊन काय करतो, ते कसं कळणार? लिलावात मतदानच होत नाही, मग दगाफटका कसला?

शिवाय त्याला प्रतिष्ठा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा पुढे गावाच्या सर्वसंमतीचा आग्रह धरत राहिले. ‘गावात भांडण नको’ ही भावना खरीच आहे, तिची टिंगल करू नका. २०२१ मध्ये तर काही आमदारांनी बिनविरोध गावांना विकासनिधीही जाहीर केला होता. पण बोली लावायची ऐपत नसलेल्या शेतमजुराला या संमतीत कुणी विचारलं, हा प्रश्न उरतोच.

त्या निवडणुकीत सुमारे दीड हजार ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या. सगळीकडे लिलाव झाला असं म्हणणं चूक ठरेल. कुठे खरा समेट असेल, कुठे दहशत, कुठे बोली. निकालाच्या तक्त्यात मात्र तिन्हींना एकच शब्द. म्हणून धुळे-जळगावातली पाच-सहा गावं निवडा. तहसील कचेरीत अर्ज किती आले आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी किती गेले, ते उतरवून घ्या. मग गावात जा आणि देवळाचं बांधकाम कोणत्या साली निघालं, एवढंच विचारा.