झिजलेल्या नाण्याचं साल



गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमच्या गटातल्या एका आत्याबाईंनी उतरंडीतली डबी काढली. तिच्यात तीन राणीछाप रुपये होते. दोघांवरचं साल दिसत होतं, तिसरा मात्र गुळगुळीत. आमच्यापैकी एकीनं मोबाईलवर पाहिलं होतं, की तेजाब लावलं की बुजलेलं साल वर येतं आणि जुन्या सालाला लाखो रुपये मिळतात. आम्ही लावलं. साल आलं नाही. रुपया तेवढा पांढरट, खरबरीत झाला. बहात्तरच्या दुष्काळात घरातली सगळी चांदी मोडली, तरी सासूबाईंनी हा रुपया राखला होता. तो आमच्या हातून पाच मिनिटांत गेला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

मग आम्ही हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

तेजाबाची युक्ती आली कुठून? अमेरिकेत 1913 ते 1938 या काळात रानरेड्याचं चित्र असलेलं एक नाणं निघत होतं. त्याचं साल उंचवट्यावर होतं, त्यामुळे ते लवकर झिजायचं. ठसा मारताना आकड्याखालचा धातू जास्त दाबला जातो. वरचा आकडा झिजला तरी तो दाब आत राहतो, आणि रसायन लावलं की तेवढी जागा वेगळी उठून दिसते. पण असं काढलेलं साल म्हणजे नाण्याला झालेली जखमच. जाणकार त्याला पूर्ण किंमत देत नाहीत. त्याहून जुनी रीत तापवण्याची. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं 1832 च्या पुस्तकात लिहिलंय, की झिजलेलं नाणं लालबुंद लोखंडावर ठेवलं तर अंधारात त्याची अक्षरं वाचता येतात. आपण मात्र या दोन्ही वाटांनी जायचं नाही, कारण आपल्याकडच्या नाण्यांचा काळ ओळखायला दुसऱ्या खुणा आहेत.

आपल्या सोलापुरातही एकेकाळी टांकसाळ होती. औरंगजेबाचे सोलापूर टांकसाळीचे रुपये आजही पाहायला मिळतात. शेवटच्या काळात त्याची छावणी आपल्याच जिल्ह्यात, भीमेकाठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला कित्येक वर्षं होती. त्याच्या रुपयावर एका बाजूला हिजरी साल आणि दुसऱ्या बाजूला राज्यारोहणापासूनचं वर्ष असे. एक बुजलं तर दुसऱ्यावरून हिशोब लागतो. राज्याचं चाळिसावं वर्ष म्हणजे साधारण 1696. ही नाणी हातोड्यानं ठोकलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून पुष्कळदा साल चकतीच्या बाहेरच राहायचं. ते झिजलेलं नसतं, मुळात उमटलेलंच नसतं. जे उमटलंच नाही, ते कोणतं तेजाब वर आणणार?

शिवराईचंही तसंच. छत्रपती शिवाजी महाराजांच्या त्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढंच असतं. तिच्यावर साल शोधत घासत बसाल, तर अक्षरंही जातील.

आता आपल्या डब्यांतले कलदार रुपये. राणीच्या डोक्यावर मुकुट नसेल आणि मागे कंपनीचं नाव असेल, तर तो 1840 सालचा कंपनी सरकारचा रुपया. मुकुट असेल, तर इंग्रजी नावापुढचा शब्द मोजा. पाच अक्षरं असतील, तर राणी म्हणजे ‘क्वीन’, रुपया 1862 ते 1876 मधला. सात अक्षरं असतील, तर ‘एम्प्रेस’, म्हणजे 1877 ते 1901. मुकुट नसलेला, टकलाचा, दाढीवाला राजा असेल तर 1903 ते 1910. मुकुट आणि दाढी दोन्ही असेल तर 1911 नंतरचा पंचम जॉर्ज. इंग्रजी वाचता आलं नाही तरी अक्षरं मोजता येतात.

यातली गंमत ऐका. साल स्पष्ट दिसलं तरी ते खरं असेलच असं नाही. 1840 चा ठसा जवळपास वीस वर्षं चालला. 1862 छापलेले रुपये तर पुढे 1874 पर्यंत पाडले जात होते. मुंबई टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून त्यांवर बारीक ठिपके दिले. ते ठिपके एवढेसे, की चार दिवाळ्या चिंच लावून घासलं तर जातात.

म्हणजे साल घालवणारे हात पुष्कळदा आपलेच. देव लख्ख हवेत म्हणून राखुंडी, चिंच, पितळ घासायची पावडर. सगळं आपण नाण्यांनाही लावलं. रुपयांना कडी लावून हार केले, तांड्यावरच्या बायकांनी ती नाणी कपड्यांवर, दागिन्यांत मिरवली. अंगावर घालून नाणी झिजली, ते काही वाईट नाही; ती वापरात होती. पण यापुढे घासायचं थांबवू या.

मग पाहायचं कसं? खोलीत अंधार करा. नाणं सपाट ठेवा आणि बॅटरीचा उजेड वरून न देता एका बाजूनं, अगदी आडवा टाका. बॅटरी हळूहळू भोवती फिरवा. जो आकडा डोळ्यांना दिसत नव्हता, त्याची सावली पडते. तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढा. नाणं कडेनं धरा. माती असेल तर स्वच्छ पाण्यात भिजू द्या आणि मऊ कापडानं टिपा, चोळू नका. आत्याबाईंच्या उरलेल्या दोन रुपयांपैकी एकावर आम्हाला असाच सालाखाली ठिपका दिसला.

विकायचं असेल तर दोन गोष्टी. जुन्या नाण्याला लाखो देतो, आधी फी भरा, असं कुणी म्हटलं तर एक पैसा देऊ नका. रिझर्व्ह बँकेनंच 2021 मध्ये लोकांना सावध केलंय, की तिच्या नावानं असा व्यवहार करणारे फसवे आहेत. दुसरं, शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती लपवू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता आमच्या गटाच्या वहीत आम्ही एक पान जादा ठेवलंय. नाणं कुणाचं, वजन किती, कुणाकडून आलं, कोणत्या लग्नात, कोणत्या बाळंतपणात. कलदार रुपया मूळचा एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, त्यातलं किती झिजलं तेही लिहितो. आत्याबाईंच्या त्या खराब झालेल्या रुपयापुढे आम्ही लिहिलं, ‘साल दिसत नाही. मुकुट आहे, शब्द पाच अक्षरी. सासूबाईंनी दुष्काळातही मोडला नाही.’

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आजच लिहून ठेवा.