दारातली गाडी आणि भिंतीतला पॉवर पॉइंट

मराठी माणूस 'वीज गेली' असे क्वचितच म्हणतो. तो 'लाईट गेली' म्हणतो. बिल येते ते 'लाईटचे', खांब असतो तो 'लाईटचा', आणि भर दुपारी, दिव्याची काडीमात्र गरज नसताना पंखा थांबला तरी घरातून आवाज उठतो तो 'लाईट गेली' असाच. 'वीज' हा शब्द बोलीत आजही आभाळातल्या विजेसाठी राखलेला आहे. ती पडते, चमकते, कडाडते. भाषेने केलेली ही वाटणी निव्वळ सवयीची नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत ही शक्ती प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने, आणि दीर्घकाळ दिव्यापुरतीच राहिली. नंतर तिने पाणी तापवले, पीठ दळले, हवा गार केली. पण नाव पहिलेच टिकले. साहित्याच्या विद्यार्थ्याने शब्दार्थाच्या अशा अवशेषांकडे पुराव्याच्या नजरेने पाहायला हवे, असे आम्हाला वाटते. तांब्यापितळेच्या पट्टीपेक्षा हा पुरावा कमी विश्वसनीय नाही.

हे सुचण्याचे निमित्त तसे किरकोळ आहे. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची, न्हाणीघराची सोय असलेली मोटार घेऊन कुटुंबाने हिंडावे आणि मुक्कामाच्या जागी तिला पाणी-वीज मिळावी, अशी ती कल्पना. धोरणातले तळ उभे राहतील तेव्हा राहतील. पण अशी गाडी मुक्कामाखेरीज उरलेले महिने उभी राहते ती मालकाच्या दारात, आणि तेथेही तिला वीज लागते. फ्रीज चालू ठेवायचा, बॅटरी उतरू द्यायची नाही, पाहुणे आले तर आत झोपायची सोय करायची. पनवेलसारख्या गावात, जेथे अंगण असलेली घरे अजून थोडीफार शिल्लक आहेत आणि जेथून मुंबई, पुणे, गोवा हे तिन्ही रस्ते फुटतात, तेथे प्रश्न उभा राहतो : घरातून गाडीसाठी 'पॉइंट' काढायचा तो कसा? वायरमनसाठी हे दोन दिवसांचे काम. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पनवेलला दारातल्या गाडीचे अप्रूप नाही. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून पुढची वाट धरी. गावाची नगरपालिका 1852 ची आहे. एवढ्या लवकर ती का झाली याचे एक उत्तर या वाहतुकीत सापडावे. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, 1863 मध्ये घाट चढून गेली, आणि पनवेलचा तो वाटा घटला. परंतु मुक्कामाचे गाव ही ओळख पुसली गेली नाही. जनावराला वैरण-पाणी देणे ही यजमानाची जबाबदारी मानणाऱ्या गावात आज गाडीला वीज द्यायची आहे, एवढाच काय तो फरक. हा फरक लहान नाही, कारण वैरण शेजारच्या गंजीतून येत होती, आणि वीज कोठून येते हे यजमानाला ठाऊक नसते.

ती कोठून आली ते पाहू. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात लोणावळा, वळवण आणि शिरवटा असे तलाव बांधून त्यांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली सोडायचे आणि पायथ्याशी खोपोलीला चक्रे फिरवायची, अशी ती योजना होती. पाण्याची उडी सुमारे सतराशे फुटांची. 1915 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला. खोपोली पनवेलपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. पण ही वीज पनवेलसाठी नव्हती आणि खोपोलीसाठीही नव्हती. ती मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. कोळशाचा धूर आणि खर्च वाचावा हा हेतू, आणि तो सफलही झाला. घरातला दिवा हे या योजनेचे कारण नव्हते, फार तर तिचे उपफळ होते.

जे पाणी देशावर वाहत जायचे, इंद्रायणी-भीमेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे निघायचे, ते येथे कोकणात वळवले गेले. चक्रे फिरवून झाल्यावर ते पाताळगंगेत पडते आणि पनवेल-खालापूरच्या शिवारातून खाडीला मिळते. म्हणजे विजेने वाटेवरच्या गावांना दीर्घकाळ हुलकावणी दिली, पण वापरून झालेले पाणी मात्र त्यांच्याच हद्दीतून वाहत राहिले. पुढे याच पाण्यावर रसायनी-पाताळगंगेचा कारखानदारी पट्टा उभा राहिला. एका अर्थाने पनवेलच्या औद्योगिक इतिहासाचा उगम मुंबईच्या गिरण्यांच्या सांडपाण्यात आहे. गिरणीतून निघालेल्या सांडपाण्यात नव्हे, तर गिरणीसाठी सांडलेल्या पाण्यात.

खोपोलीनंतर 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा. भिऱ्याचे पाणी मुळशीचे. त्या धरणाची कहाणी आपण सत्याग्रहाच्या इतिहासात वाचतो, विजेच्या इतिहासात वाचत नाही, आणि हीच आपल्या वाचनातली मोठी फट आहे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. पन्नासेक गावे पाण्याखाली जाणार होती; ती गेली. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या 2009 च्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले. 'पहिली' या शब्दावर वाद घालता येईल; मात्र लढ्यातल्या शेतकऱ्याला हे स्वच्छ दिसत होते की त्याची भातखाचरे बुडणार आहेत ती दुसऱ्या कोणाच्या यंत्रासाठी. 1984 च्या जानेवारीत पनवेल-उरण पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला आणि ज्यात पाच जणांनी प्राण गमावले, त्याला मुळशीचा वारसा आहे, असे कोणी फारसे म्हणत नाही. म्हणायला हवे. नव्या पनवेलचे इमले आणि त्यांतल्या भिंतींतले पॉइंट याच जमिनीवर उभे आहेत.

आता भिंतीकडे वळू. घरात तार आली तेव्हा ती लाकडी बॅटनवरून, क्लिपा ठोकून, उघडी फिरत असे. खोलीला एक दिवा, फार तर एक पंखा. 'लाईट' आणि 'पॉवर' यांचे दर वेगळे, आणि कित्येक शहरांत मीटरही वेगळे असत. म्हणून जाड भोकांच्या सॉकेटला आपण आजही 'पॉवर पॉइंट' म्हणतो. पाच आणि पंधरा अँपियरचे गोल पिनांचे हे प्लग ब्रिटिश मानकातून आले. ते मानक 1934 चे. ब्रिटिशांनी स्वतः 1947 च्या सुमारास चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. आपण जुनाच ठेवला, पुढे त्याचे आकडे सहा आणि सोळा असे झाले, तरी दुकानात आजही 'पंधराचा द्या' म्हटले की तोच मिळतो. साम्राज्य सोडून गेले आणि जाता जाता आपला प्लगही बदलून गेले, हा योगायोग गमतीचा आहे, एवढेच. त्यातून सिद्धांत काढू नये.

या प्लगाची तिसरी पिन पाहण्यासारखी आहे. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. हेतू असा की घालताना ती आधी जुळावी आणि काढताना शेवटी सुटावी. वीज येण्यापूर्वी जमिनीशी नाते जोडलेले असावे आणि वीज गेल्यावरच ते तुटावे. आमच्या मते यंत्ररचनेतला हा फार सुजाण विचार आहे. आणि आपण त्याचे काय केले? दोन पिनांचा प्लग तीन भोकांत जावा म्हणून वरच्या भोकात काडी खुपसून झडप उघडली; अर्थिंगची तार 'नंतर करू' म्हणून गुंडाळून ठेवली.

गाडीच्या बाबतीत ही हयगय जिवावर बेतते. कॅरॅव्हॅन म्हणजे रबरी चाकांवर उभी असलेली पत्र्याची खोली. आतल्या गिझरची तार पत्र्याला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर चाकांमुळे तो प्रवाह जमिनीत जात नाही. सगळा सांगाडा जिवंत होऊन वाट पाहत राहतो, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभा असलेला जो कोणी दाराला हात लावील त्याच्यातून जातो. कोकणच्या पावसात अंगण चार महिने ओलेच असते. म्हणून या कामाची रीत अशी : मेन बोर्डातून गाडीसाठी स्वतंत्र तार काढायची, ती स्वयंपाकघराच्या पॉइंटवरून ओढायची नाही, तिला वेगळा एमसीबी आणि तीस मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी बसवायचा, सॉकेट झाकणाचे, पावसात टिकणारे घ्यायचे, आणि घराचा अर्थिंगचा खड्डा खरोखर चालू आहे का हे मोजून पाहायचे. सोळा अँपियरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जेमतेम साडेतीन किलोवॉट मिळतात. दीड टनी एसी, गिझर आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालवू म्हणणाऱ्याला हे गणित आधीच सांगितलेले बरे. मंजूर भार वाढवायचा तर महावितरणकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांना अशा गाडीचा छंद जडला, त्यांच्यापुढचा धोका वेगळा असतो. तेथे गाडीचा तीस अँपियरचा प्लग 120 व्होल्टचा, तर घरात कपडे वाळवण्याच्या यंत्राचा तेवढ्याच अँपियरचा प्लग 240 चा. अनभ्यस्त वायरमन 'तीस म्हणजे दोनशे चाळीस' असे धरून जोडतो आणि पहिल्याच क्षणी गाडीतली उपकरणे जळतात. आकडा तोच, अर्थ दुसरा. भाषांतर करणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.

आपल्याकडे चाकांवरच्या बिऱ्हाडाला वीज पुरवण्याची परंपराच नव्हती, असे मात्र समजू नये. तमाशाचे फड आणि जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीज ट्रकांवर बिऱ्हाड लादून हिंडत आल्या. आधी गॅसबत्त्या, मग जनरेटर. जेथे खांब होता तेथे तात्पुरती जोडणी, आणि जेथे पैसे किंवा सबुरी नव्हती तेथे आकडा. आकडा टाकणे हा शब्दप्रयोग मराठीने या व्यवहारातून कमावला. त्या मंडळींचे फिरणे पोटासाठी होते, कॅरॅव्हॅनवाल्याचे हौसेसाठी. तरी वायरमनला दोन्हीकडे सावरायच्या गोष्टी त्याच.

त्यांतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. कॅरॅव्हॅनमध्ये इन्व्हर्टर असतो, कधी लहान जनरेटर असतो. लाईट गेली की हुशार माणसाला सुचते, गाडीची वीज त्याच पॉइंटमधून उलटी घरात घ्यावी. त्यासाठी तो दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून घेतो. प्लग घरात बसतो, पंखा फिरतो. पण मेन स्विच चालू राहिलेला असतो, आणि ही वीज मीटर ओलांडून खांबाकडे निघते. वाटेतला ट्रान्सफॉर्मर तिला उतरवण्याऐवजी चढवतो. खांबावर, फीडर बंद असल्याची खात्री करून चढलेला लाइनमन असतो. त्याच्यासाठी ती तार मेलेली असते. म्हणून घर आणि गाडी यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवा. एका वेळी एकच बाजू जोडणारा, मधे बंद असणारा. बाजारात तो मिळतो, आणि पॉइंटच्या एकूण खर्चात त्याचा वाटा फारसा मोठा नसतो.