माल कोणाचा?

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेशिवाय दुसरे काही नाही, असे आम्ही शिरूरकर म्हणतो. सौ. दौंडची असल्यामुळे मी ते मनात म्हणतो. माझे सासरे, म्हणजे मामा, मालधक्क्यावर कारकून होते. वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज आणि उतरलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर वारफेज, हे ज्ञान त्यांचेच. ते म्हणत, "जावईबापू, जागा कधी कमी नसते. माल कोणाचा ते आधी विचारा."

परवा घरच्या संगणकाने 'जागा शिल्लक नाही' असे जाहीर केले, तेव्हा मामा आठवले. चौघांत एक संगणक. माझा संशय चिरंजीवांच्या सिनेमांवर, चिरंजीवांचा बहिणीच्या गाण्यांवर आणि सौ.चा, नेहमीप्रमाणे, माझ्यावर.

हे भांडण जुने आहे. १९५६ साली आय.बी.एम.ने चुंबकीय चकत्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र, 'रॅमॅक', आणले. दोन फुटी ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि मावायची किती? तर ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो! भाडे महिना ३,२०० डॉलर. एवढे भाडे भरून पसारा कोण करील? पण १९७१ साली 'युनिक्स' प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यात 'डीयू' ही आज्ञा होतीच. कोणत्या कप्प्याने किती जागा खाल्ली ते सांगणारी. चकतीमागोमाग चौकशीही आली म्हणायची.

पुढे १९९० साली मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक चकती होती आणि वापरणारे होते १४. चकती भरलेली, आणि जागा नेमकी कोणी अडवली ते उमगेना. मग त्यांनी युक्ती काढली. सबंध चकती म्हणजे एक चौकोन, त्यात ज्याची फाइल मोठी त्याचा तुकडा मोठा. याला 'ट्रीमॅप' म्हणतात. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीचा नकाशा काढतात, तसाच. बांधाआड लपायची सोय नाही.

असा नकाशा चिरंजीवांनी आमच्याही संगणकावर काढला. सगळे माझ्या खुर्चीमागे उभे. सिनेमांचा तुकडा कोपऱ्यात, परसाएवढा. मधोमध मात्र एकाच मापाची तीन अवाढव्य वावरे : 'बॅकअप', 'बॅकअप नवा', 'बॅकअप अगदी शेवटचा'.

बारशाची ही पद्धत माझी! तिन्हींत माल एकच, मामांच्या पंच्याहत्तरीचे चित्रण. हरवू नये म्हणून मी प्रती काढत होतो, त्याच संगणकावर. जादा किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप लावावे, तसे.

मुकाट्याने दोन प्रती पुसल्या. जागा तेवढीच! पुसलेला माल आधी संगणकाच्या कचरापेटीत जातो, असे कळले. म्हणजे वाघीण धक्क्यावरून हलली, पण उभी यार्डातच. पेटी रिकामी केली तेव्हा कुठे संगणकाने श्वास घेतला.

उरलेल्या प्रतीवरून वेगळ्या चकतीवर एक नक्कल घेतली आणि ती दौंडला मेहुण्यांकडे पाठवली. मूळ प्रत इथेच आहे. मामा जाऊन चार वर्षे झाली. चित्रणात ते केक कापायचा सोडून मला डेमरेज समजावून सांगताहेत. काल रात्री सौ. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा बघत होती.

हा माल धक्क्यावरच राहील. वारफेज मी भरीन.