कोबे बंदरातील सिंधी

कोबेचे नाव निघाले की १९४०-४१ साली तेथे आसरा मिळालेले युरोपातील ज्यू निर्वासित आम्हांस आठवतात. त्याच बंदरात मराठीच्या एका बहिणीनेही संसार थाटला, ती सिंधी. सिंधमधील हैदराबादचे व्यापारी रेशमाच्या निमित्ताने प्रथम योकोहामास आले. १९२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाल्यावर अनेकांनी आपल्या पेढ्या कोबेस हलविल्या.

त्या वेळी सिंधीच्या पाठीशी मायप्रांत होता. १९४७ साली सिंध पाकिस्तानात गेला. १९६७ साली भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान मिळाले; प्रांत मात्र मिळाला नाही. कोबेच्या बाजारात जपानी, मुलांच्या शाळेत बहुधा इंग्रजी, गुरू नानक दरबारात गुरुबाणी. सिंधीला मुख्यतः घराचाच आधार.

लिपीचा प्रश्न याहून बिकट. १८५३ साली ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र, आपल्याकडील मोडीप्रमाणे, वेगळ्याच लिपीत असत. फाळणीनंतर भारतात देवनागरीचाही स्वीकार झाला. अशा स्थितीत आजोबांचे पत्र नातवास वाचता आले नाही, तर नवल काय?

आम्ही बेने इस्राएलांनी प्रार्थना हिब्रूत केली आणि संसार मराठीत. १८४६ साली मुंबईत मराठी हग्गादा छापला गेला, तेव्हा मराठी पेसाहच्या मेजावरही आली. आज इस्राएलात वाढणाऱ्या आमच्या नातवंडांस आजीचे बोलणे कदाचित कळेल; पण तिने लिहिलेले वाचता येईल काय? वाचकांनी आठवड्यातून एक मराठी पान त्यांच्याकडून वाचून घ्यावे, एवढीच आमची विनंती.