नेमणुकीची जाहीर वार्ता : औशाचा दाखला

औशाचा भुईकोट किल्ला बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही, म्हणजे हैदराबादचे निजाम, अशा सत्तांच्या ताब्यातून गेल्यामुळे, नव्या पदाची वार्ता कोणी आणि कशी जाहीर करावी याचे बदलते संकेत या परिसराच्या इतिहासात एका ओळीने पाहता येतात. बहमनी वजीर महमूद गवान याने तरफदारांचे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचे, बळ आवरण्यासाठी प्रत्येक तरफेतील एकच किल्ला त्यांच्याकडे ठेवला आणि इतर किल्ल्यांवरील नेमणुका सुलतानाच्या हाती घेतल्या. त्यामुळे किल्लेदाराची नेमणूक ही राजसत्तेची जाहीर खूण ठरली. १६३६ मध्ये मोगलांनी औसा जिंकले. मोगली रिवाजानुसार फर्मान, म्हणजे बादशहाचा लेखी हुकूम, येत असता अधिकारी काही अंतर सामोरा जाऊन तो मस्तकी लावी आणि सोबत खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आलेली असल्यास ती परिधान करी; साहजिकच हुकमाचा मजकूर न वाचणाऱ्यांनाही नेमणूक डोळ्यांनी कळत असे.

हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून पगारी तालुकदार व तहसीलदार नेमल्यावर या समारंभाची जागा हळूहळू छापील नोंदीने घेतली. नेमणुका, बदल्या व बढत्या ‘जरीदा’ या सरकारी राजपत्रात उर्दूतून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यामुळे वार्तेला कायद्याचा आधार आला, पण मराठी रयत तिच्यापासून दुरावली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून औसा तालुका नव्या लातूर जिल्ह्यात आला. या काळात भाषा व मुख्यालय बदलले, तरी नेमणूक जाहीर करण्याचा अधिकार शासनाकडेच राहिला.

स्पर्धा परीक्षांच्या काळात मात्र निवडीचा गुलाल, मिरवणूक आणि चौकातील अभिनंदनाचा फलक यांमुळे कुटुंब व गाव हेही जाहीर करणारे झाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या व्यावसायिक समाजमाध्यमांनी पुढचे पाऊल टाकले : तेथे पद मिळवणारा स्वतःच नवी जबाबदारी जाहीर करतो, जुन्या सहकाऱ्यांचे आभार मानतो आणि अभिनंदन स्वीकारतो. फर्मान व जरीदा यांनी नेमणुकीला अधिकृतता दिली. समाजमाध्यमावरील घोषणा ती देऊ शकत नाही, कारण नेमणूक तिच्याआधीच पक्की झालेली असते. तिच्यामुळे मिळते ती केवळ प्रतिष्ठा. आणि पूर्वी धन्याने द्यायची ही प्रतिष्ठा आता परिचितांकडून मिळवावी लागते, हाच या दीर्घ स्थित्यंतरातील खरा बदल होय.